शैली कोणासारखी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी इंग्रजीतून कथा लिहिते. आपला मजकूर चिकटवला की ‘तुमची शैली अमुक लेखकासारखी आहे’ असे सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर मी माझ्या एकाच कथेचे तीन तुकडे निरनिराळे देऊन पाहिले. तीन तुकड्यांना तीन नावे मिळाली आणि त्यांपैकी दोघांचे एकही पुस्तक मी वाचलेले नाही. यातले खरे नाव कोणते समजायचे?

उत्तर : त्या यंत्राच्या हिशेबाने तिन्ही खरी आहेत, आणि नेमक्या याच कारणाने त्यांतले एकही फारसे मनावर घेण्याजोगे नाही. हिशेब कसा होतो ते पाहिले, की तीन नावांचे कोडे आपोआप सुटते.

या जातीच्या साधनांपैकी सर्वांत गाजलेले साधन म्हणजे ‘आय राइट लाइक’. दिमित्री चेस्तनिख या रशियन प्रोग्रामरने ते २०१० च्या जुलैमध्ये सुरू केले आणि काही दिवसांतच ते जगभर पोहोचले. त्यामागचे तंत्र साहित्यसमीक्षेतून आलेले नव्हते, ते आले होते ईमेलमधील नकोशी पत्रे गाळणाऱ्या चाळणीतून. पत्रातील प्रत्येक शब्द नकोशा पत्रांत किती वेळा येतो आणि कामाच्या पत्रांत किती वेळा येतो, याची तुलना करून ती चाळणी पत्राची रवानगी कोणत्या कप्प्यात करायची ते ठरवते. थॉमस बेझ या गणितज्ञाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखातील विचार या चाळणीच्या मुळाशी आहे. चेस्तनिख यांनी दोन कप्प्यांऐवजी सुमारे पन्नास कप्पे केले, प्रत्येकावर एका लेखकाचे नाव लावले आणि त्या लेखकाची काही पुस्तके यंत्राला वाचायला दिली.

आता तुमचा तुकडा आत गेल्यावर काय होते, ते लहानशा उदाहरणाने पाहू. समजा, ‘समुद्र’ हा शब्द पहिल्या लेखकाच्या पुस्तकांत हजार शब्दांमागे चार वेळा येतो आणि दुसऱ्याच्या पुस्तकांत एक वेळा. तुमच्या तुकड्यात तो एकदा आला की पारडे पहिल्या लेखकाकडे चारास एक झुकते. दुसऱ्यांदा आला की सोळास एक, तिसऱ्यांदा आला की चौसष्टास एक. समुद्रकाठच्या प्रसंगात एकदा समुद्र आला की तो आणखी दोनदा येणारच, हे आपल्याला कळते. यंत्र मात्र प्रत्येक वेळेस तो नवा, स्वतंत्र पुरावा समजते. म्हणून तुमच्या कथेतील किनाऱ्यावरचा तुकडा एका नावाकडे गेला, भांडणाचा संवाद दुसऱ्याकडे गेला आणि आठवणींचा परिच्छेद तिसऱ्याकडे गेला, यात नवल नाही. यंत्राने पुष्कळ अंशी तुमचा विषय ओळखला आहे. शैली त्याच्या हाती लागली असेल तर थोडीशीच.

दुसरी गोष्ट अशी, की या पन्नास कप्प्यांत ‘यांपैकी कोणीही नाही’ असा एक्कावन्नावा कप्पा नसतो. एखाद्या यंत्राबरोबर आलेली सूचनापत्रिका चिकटवून पाहा, तिलाही कोणत्या तरी थोर कादंबरीकाराचे नाव मिळेल. तुम्ही त्या लेखकाच्या जवळ आहात असे उत्तर सांगत नाही. बाकीच्या एकोणपन्नास जणांपासून तुम्ही अधिक दूर आहात एवढेच ते सांगते, आणि ही दोन विधाने एक नव्हेत. कॅनडाच्या ख्यातनाम लेखिका मार्गारेट ॲटवुड यांनी त्या दिवसांत हे साधन वापरून पाहिले, तेव्हा त्यांची शैली स्टीफन किंग यांच्यासारखी असल्याचा निर्वाळा मिळाला होता. न वाचलेल्या लेखकाचे नाव आले म्हणून बुचकळ्यात पडण्याचेही कारण नाही, कारण यंत्र साम्य मोजते; प्रभाव कोणाचा, हे त्याला ठाऊक असण्याचा संभवच नाही.

प्रश्न : मग शैली मोजण्याची सगळी कल्पनाच थोतांड समजायची का? टोपणनावाने लिहिणाऱ्या एका जगप्रसिद्ध लेखिकेला संगणकाने ओळखून काढले, असे वाचल्याचे मला आठवते.

उत्तर : कल्पना थोतांड नाही, ती जुनी आणि कष्टाने घडवलेली आहे. मदुराईत जन्मलेले इंग्रज गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५१ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात असे सुचवले होते, की बायबलमधील पत्रे एकाच लेखकाची आहेत की नाहीत, हे शब्दांची सरासरी लांबी मोजून तपासता येईल. पुढे थॉमस मेंडेनहॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये ही सूचना खरोखरच अमलात आणली. एका अक्षराचे शब्द किती, दोन अक्षरांचे किती, अशी मोजदाद करून त्याने प्रत्येक लेखकाचा आलेख काढला. शेक्सपिअरची नाटके त्याचा समकालीन इंग्रज लेखक फ्रान्सिस बेकन याने लिहिली का, या वादातही त्याने हीच मोजपट्टी लावली आणि १९०१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : शेक्सपिअरकडे चार अक्षरी शब्द सर्वाधिक, बेकनकडे तीन अक्षरी. फरक खरा होता, पण त्याचा अर्थ लावताना एक गोष्ट निसटली. शेक्सपिअरचा मजकूर मुख्यतः पद्य होता आणि बेकनचा गद्य. एकाच लेखकाच्या गद्यात आणि पद्यातही असाच फरक पडू शकतो, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. तुमच्या संकेतस्थळावर आजही होणारी चूक नेमकी हीच आहे.

या शास्त्राचा खरा कस लागला तो अमेरिकेच्या ‘फेडरलिस्ट’ निबंधांवर. नव्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७ आणि १७८८ मध्ये एकाच टोपणनावाने पंच्याऐंशी निबंध प्रसिद्ध झाले. लिहिणारे तिघे राजकारणी होते : अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. परंतु बारा निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षे मिटला नाही. फ्रेडरिक मॉस्टेलर या संख्याशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासह १९४१ मध्ये प्रथम वाक्यांची लांबी मोजली. हॅमिल्टनचे वाक्य सरासरी ३४.५५ शब्दांचे निघाले आणि मॅडिसनचे ३४.५९ शब्दांचे! इतकी मेहनत करून हाती काय आले, तर दोघेही सारखेच लांबण लावतात. आजची कित्येक साधने वाक्याची सरासरी लांबी हे शैलीचे मोठे लक्षण म्हणून दाखवतात, तेव्हा मला हे दोन आकडे आठवतात.

पुढे डेव्हिड वॉलेस यांच्याबरोबर मॉस्टेलर यांनी दिशा बदलली आणि वाचकाच्या नजरेत न भरणारे बारीकसारीक शब्द धरले. ‘वर’ या अर्थाने इंग्रजीत ‘ऑन’ आणि ‘अपॉन’ असे दोन शब्द आहेत. हॅमिल्टन हजार शब्दांमागे सुमारे तीनदा ‘अपॉन’ लिहितो, मॅडिसन मात्र पाच-सहा हजार शब्दांत जेमतेम एकदा. ‘असताना’ या अर्थी हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहितो, मॅडिसन ‘व्हाइल्स्ट’. ही निवड कोणी ठरवून करत नाही, विषय बदलला तरी ती बदलत नाही, आणि एखाद्याची नक्कल करू पाहणाऱ्याच्याही ती ध्यानात येत नाही. काम आरंभी हाताने चालले होते : शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून त्या वर्णक्रमाने लावायच्या. कोणी जरा जोराने श्वास सोडला की चिठ्ठ्यांचे वादळ उठायचे आणि माणूस कायमचा शत्रू व्हायचा, अशा आशयाची आठवण त्यांनी गमतीने लिहून ठेवली आहे. शेवटी १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत बाराही निबंधांचे माप मॅडिसनच्या पदरात पडले.

तुम्हाला आठवते ती घटना २०१३ ची. रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने आलेली रहस्यकादंबरी जे. के. रोलिंग यांची आहे, अशी कुणकुण एका इंग्रजी वृत्तपत्राला लागली होती. अमेरिकन अभ्यासक पॅट्रिक जुओला यांनी रोलिंग आणि आणखी तीन लेखिका यांच्या पुस्तकांशी त्या कादंबरीची तुलना केली, तीही एकाच मोजपट्टीने न करता शब्दांची लांबी, नेहमीचे शंभर शब्द, शेजारी येणाऱ्या शब्दांच्या जोड्या आणि सलग चार-चार अक्षरांचे तुकडे अशा चार अंगांनी. कल रोलिंग यांच्याकडे होता, आणि नंतर रोलिंग यांनी स्वतःच कबुली दिली. परंतु क्रम लक्षात घ्या. आधी सुगावा लागला, मग संशयितांची छोटी यादी झाली, मग सबंध कादंबरीची मोजणी झाली आणि सरतेशेवटी कबुली मिळाली. संगणकाने लाखो लेखकांच्या गर्दीतून कोणाला बखोटीला धरून बाहेर काढलेले नाही. मजकूर किती लागतो, हाही मुद्दा आहेच. पोलंडचे अभ्यासक माचेय एडर यांच्या २०१५ च्या तपासणीत कादंबऱ्यांसाठी पाच हजार शब्दांच्या आसपास गेल्याशिवाय ओळख भरवशाची ठरत नव्हती. तुमच्यापैकी बहुतेकांनी चिकटवलेला मजकूर दोन-तीनशे शब्दांचा असेल.

प्रश्न : माझा पहिला कथासंग्रह प्रकाशकाकडे पाठवायचा आहे. एका साधनाने माझ्या कथांची तुलना नोबेल पारितोषिक मिळालेल्या लेखकाशी केली आहे. सोबतच्या पत्रात तसा उल्लेख करावा का?

उत्तर : करू नये. संपादक पहिले पान वाचून पाहतातच, आणि नोबेलची अपेक्षा मनात धरून ते पान वाचले जावे, यात तुमचेच नुकसान आहे.

प्रश्न : मराठी मजकुराची अशी तुलना करून देणारे साधन वापरता येईल का? मी माझा एक ललित लेख इंग्रजी साधनात थेट मराठीतच चिकटवला, तर त्याने एक नाव दिले. मग त्याचे यांत्रिक भाषांतर करून चिकटवले, तर दुसरे दिले.

उत्तर : पहिल्या प्रयोगात साधनाने बहुधा तुमचा लेख वाचलेलाच नाही. इंग्रजीसाठी लिहिलेल्या पुष्कळशा साधनांना ‘शब्द’ म्हणजे रोमन अक्षरांची सलग रांग एवढेच ठाऊक असते, त्यामुळे तुमच्या लेखातून त्यांच्या हाती विरामचिन्हे तेवढी लागतात. आणखी मजेशीर प्रकार पाहायचा असेल तर प्रोग्रामिंगच्या काही नेहमीच्या साधनांना ‘वाचकांचे’ हा शब्द तोडायला सांगावा. मूळ अक्षरे तेवढी अक्षरे आणि काना, मात्रा, अनुस्वार ही परकी चिन्हे, असे मानून ती या एका शब्दाचे तीन करतात : ‘व’, ‘चक’ आणि ‘च’. या मोजणीवर उभारलेल्या शैलीच्या निदानाला काय किंमत द्यायची, ते तुम्हीच ठरवा. भाषांतर दिले तेव्हा यंत्राने भाषांतर करणाऱ्या यंत्राची शैली मोजली. ‘तो गेला खरा’ आणि ‘खरे तर तो गेला’ यांतला फरक भाषांतरात टिकत नाही, आणि तुमची शैली तर अशाच फरकांत असते.

तत्त्वतः मराठीत हे काम होऊ शकते, परंतु दोन अडचणी आधी सोडवाव्या लागतात. पहिली लिपीच्या आतली आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘ऱ’ किंवा ‘ॲप’मधला ‘ॲ’ टंकित करण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत. पडद्यावर अक्षर तेच दिसते, पण आत साठवलेले सांकेतिक क्रमांक निराळे असतात, त्यामुळे यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. हे एकसारखे करून घेतले नाही, तर तुम्ही जुना कळफलक सोडून नवा घेतला त्या दिवसापासून तुमची शैली बदलली, असा शोध लागायचा. ‘त्याच्याबरोबर’ कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून लिहितो. पुष्कळदा तर ती सवय लेखकाची नसून मुद्रितशोधकाची असते. छापील मजकुरातून शैली मोजणाऱ्याने मुद्रितशोधकाला विसरून चालत नाही.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे आणि मला ती अधिक रंजक वाटते. इंग्रजीत ज्या बारीक शब्दांवर हे शास्त्र उभे आहे, त्यांतले पुष्कळसे मराठीत शब्द म्हणून सुटे नसतातच. ‘घरात’, ‘घरामध्ये’, ‘घराच्या आत’ यांपैकी काय लिहायचे ही निवड प्रत्ययांत दडलेली असते, आणि सबंध शब्द मोजणाऱ्या यंत्राला ‘घरात’ आणि ‘दारात’ यांतला समान ‘त’ दिसत नाही. म्हणून शब्दांऐवजी तीन-चार अक्षरांचे सलग तुकडे मोजणे अशा भाषांत अधिक फलदायी ठरते. प्रत्यय त्या तुकड्यांत आपोआप सापडतात. सुटे शब्दही आहेतच. ‘पण’, ‘परंतु’ आणि ‘मात्र’ यांतून तुम्ही कोणता उचलता? ‘मीही’ लिहिता, ‘मीसुद्धा’ लिहिता की ‘मीदेखील’? ‘म्हणून’ वाक्याच्या आरंभी येतो की मध्ये? ‘अपॉन’चे मराठी भाऊबंद शोधायचे तर ते इथे शोधावे लागतील. मी माझ्या जुन्या उत्तरांत एकदा शोध घेतला तेव्हा ‘मात्र’ इतक्यांदा आढळला की ओशाळायला झाले, आणि तो काढून टाकण्याचा निश्चय केल्यावर त्याच्या जागी ‘परंतु’ येऊन बसला. या उत्तरांतही दोघे हजर आहेत.

प्रश्न : अशा संकेतस्थळाऐवजी मी आपले लेखन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवाद-सहायकाला दिले. त्याने तीन लेखकांची नावे घेऊन, प्रत्येक साम्याची कारणे देऊन, सविस्तर उत्तर लिहिले. हे उत्तर अधिक विश्वसनीय मानावे ना?

उत्तर : अधिक वाचनीय मानावे. जुने साधन निदान काहीतरी मोजत होते. संवाद-सहायकाला खास मोजणी करायला लावली नाही, तर तो तुमचे ‘परंतु’ मोजत बसत नाही. अशा प्रश्नाला शोभेल असे उत्तर तो रचतो. ज्यांच्याविषयी सर्वांत जास्त लिहिले गेले आहे ती नावे त्याच्या ओठांवर असतात, आणि ‘संयत’, ‘प्रवाही’, ‘सूक्ष्म निरीक्षण’ ही विशेषणे कोणालाही शोभतात. परीक्षा सोपी आहे. दोन स्वतंत्र संवादांत तोच उतारा द्या. एकदा सांगा, की ही माझी लाडकी कथा आहे, आणि दुसऱ्यांदा सांगा, की ही स्पर्धेला आलेली कथा मला सुमार वाटते. उतारा तोच असताना तुलनेची नावे आणि कौतुकाची पातळी बदलली, तर त्याने उताऱ्यापेक्षा तुम्हालाच जास्त वाचले, असे समजावे.

तरीही त्याचा एक उपयोग मी करतो. ‘कोणासारखे आहे’ असे न विचारता ‘या उताऱ्यात कोणती वाक्यरचना पुन्हा पुन्हा आली आहे, ती वाक्ये जशीच्या तशी काढून दाखव’ असे सांगितले, तर काढलेली वाक्ये मूळ मजकुराशी ताडून पाहता येतात. नाव ताडून पाहता येत नाही.

प्रश्न : अप्रकाशित कादंबरीची प्रकरणे अशा साधनांवर चिकटवणे सुरक्षित आहे का?

उत्तर : चिकटवलेला मजकूर साठवला जातो का, आणि तो दुसऱ्या कामासाठी वापरण्याचा हक्क संकेतस्थळ स्वतःकडे ठेवते का, हे त्याच्या अटींत लिहिलेले असते, ते स्पष्ट लिहिलेले नसेल तर अप्रकाशित पान तेथे देऊ नये. नुसती गंमत पाहायची असेल तर पूर्वी छापून आलेला लेख द्यावा. गंभीरपणे अभ्यास करायचा असेल तर मजकूर स्वतःच्या संगणकाबाहेर न जाऊ देता काम करणारी मोफत साधने आहेत. ‘आर’ या संगणकीय भाषेसाठी एडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले ‘स्टायलो’ हे त्यांतले अभ्यासकांच्या नेहमीच्या वापरातले. ते शिकायला काही संध्याकाळी जातील. तेवढा वेळ नसेल तर कोणत्याही लेखन-प्रणालीतील ‘शोधा’ ही सोय पुरते : कादंबरीचे पहिले आणि शेवटचे प्रकरण घ्या, दहा बारीक शब्दांची यादी करा, प्रत्येक शब्द दोन्हीकडे हजारामागे किती वेळा येतो ते मांडा. दोन प्रकरणांच्या लेखनात चार-पाच वर्षे गेली असतील, तर आकडे आधी पाहा आणि प्रकरणे मग पुन्हा वाचा.